बोडा स्टँड हलला तर

४ फेब्रुवारी, सोमवार

लिही. लिही म्हणते ना, पेरुसी! पेन चावत बसू नकोस.

वही पेट्रोल पंपवाल्याने फुकट दिली. वर त्याच्या नव्या पंपाचं चित्र, आत रोजची तारीख छापलेली. लेकीने, या पेरुसीने, वाचून दाखवली म्हणून कळलं, नाहीतर मला तारीख काय आणि मुंगी काय, दोन्ही काळ्या आणि दोन्ही चालत राहतात. रस्त्याच्या या वळणावरच्या साऱ्यांना वाटल्या त्याने वह्या. दुकानदार बुकेन्याला एक, पंक्चरवाल्या गिटाला एक. आमच्या स्टँडवरच्या एकोणीस बोडावाल्यांना, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्या पोरांना, तर वहीबरोबर एकेक चमकणारं जाकीटही. ते घालून सगळे मोटारसायकलींवर बसले — लग्नातल्या मिठायांसारखे दिसत होते!

माणूस फुकट द्यायला लागला की मी आधी त्याचे हात बघते. गुळगुळीत होते.

त्याला आमचा स्टँड हवाय. मैलभर पुढे तिठ्यावर त्याचा पंप. तिथे मोटारसायकली लावा, म्हणतो — डोक्यावर पत्रा देतो, बसायला सिमेंटचा कट्टा देतो, संडास देतो. पोरं संडास ऐकून खिदळली. मी नाही हसले. इतकी वर्षं ही सगळी माझ्या बागेत, केळीच्या आडोशाला जातात. केळी एवढ्या माजतात कशा, ते काय मला ठाऊक नाही?

मी विचारलं, "आणि खायला काय देणार त्यांना? डिझेल?"

हसला. माझ्याकडेच कातोगोची, केळी-आतड्यांच्या रश्श्याची, प्लेट मागितली. आतड्या जरा जास्त घाल म्हणाला. दोनदा घेतला मेल्याने, आणि बोटं चाटत माझीच गिऱ्हाइकं न्यायच्या गोष्टी!

५ फेब्रुवारी

लुबोवा म्हणाला, "जाज्जा, घोर लावून घेऊ नका. आपण कुठे जात नाही." जाज्जा म्हणजे आजी, साऱ्या स्टँडची मी आजीच. तो स्टँडचा चेअरमन. तो नाही म्हणाला म्हणजे नाही. बरं झालं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बुकेन्याशी भांडण. म्हणजे मी बसले होते, भांडत तो होता.

"जाऊ देत की पंपावर! या बोडांनी माझं दुकान खाल्लं, युनियाबाई. पूर्वी साबणाची वडी लागली तर बाई माझ्याकडे यायची. आता पाय एका बाजूला टाकून मागे बसते आणि थेट मसाकाच्या बाजारात उतरते. येताना वडी, मीठ, तेल, सगळं घेऊन. माझ्या दुकानासमोरून जाते आणि वर हात हलवते!"

खोटं नाही बोलत तो. मीसुद्धा शिव्या दिल्यात बोडांना. माझा नवरा सायकलवर माणसं न्यायचा. मागच्या कॅरिअरला गादी शिवून दिली होती मीच, निळ्या कापडाची. मोटारसायकली आल्या आणि सहा महिन्यांत त्या गादीवर कोंबडी अंडी घालायला लागली. सायकल दुरुस्तीवाला तर गाव सोडून गेला. मी त्या फटफट्यांकडे बघून थुंकायचे.

मग एक दिवस चार बोडावाले माझ्या दाराशी उभे. भूक लागलीय, म्हणाले. तेव्हा मी फक्त बाजाराच्या दिवशी पातेलं चढवायची. त्या दिवसापासून ते उतरलंच नाही. त्यांच्यामागे गिटा आला पंक्चर काढायला. मग चपातीवाला आला, मग मोबाइल चार्ज करणारी बाई, मग कणीसवाली. पेरुसी परत आली तेव्हा तिने शिलाई मशीन इथेच मांडलं — सीटची कव्हरं शिवते. पूर्वी या वळणावर फक्त वळण होतं.

मी बुकेन्याला एवढंच विचारलं, "सोड्याचे क्रेट तुझ्याकडे कोण आणतं रे? फरिश्ते?"

नुसत्या मिशा हलल्या. तो गप्प बसला की त्याच्या मिशा बोलतात.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक चमत्कारिक गोष्ट.

माझी बाग घरापुरती, स्टँडला पुरत नाही. म्हणून रोज पहाटे लुबोवा मला बाजारात नेतो. दोन घड केळी, खाटकाकडून आतड्या, आणि मी. येताना घड टाकीवर, आतड्या हँडलला आणि मी मागे, त्याचं जाकीट धरून. सहा वर्षं झाली. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची आणि माझी त्याने ओळख करून दिलीय.

तर आज येताना त्याने एक घड टाकीवर ठेवला आणि दुसरा सीटवर — त्याच्या आणि माझ्या मधे! स्वतः पार पुढे सरकून टाकीवर चढून बसला, जिराफासारखा.

"हे काय रे?"

"तोल, जाज्जा. तोल नीट राहतो."

"सहा वर्षं बिनतोल जात होतो का आपण?"

टाकीला आणखीच चिकटला. कान मात्र मागून बघितले मी त्याचे. काळ्या माणसाचे कान लाल होत नाहीत म्हणतात. झाले होते.

पूर्ण वाट तो घड माझ्या पोटात. पेरुसीला सांगितलं तर हसली नाही. मशीनमधली सुई मोडली म्हणाली. मशीन बंद होतं.

१३ फेब्रुवारी

आजही घड मधे.

१६ फेब्रुवारी, शनिवार

नणंदबाई आल्या! फेदेरेसी. बोडावरून, एका अंगाने बसून, नवा पोशाख, डोक्यावर टोपी, टोपीवर प्लास्टिकची फुलं. उतरायला दोन माणसं लागली. पेरुसी गुडघे टेकून नमस्काराला बसली तर तिने पोरीची हनुवटी धरून असं काही बघितलं की तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"तेवढ्यासाठी आले नाही हो वहिनी, पण आहे का थोडं शिल्लक?" म्हणून दोन प्लेटा खाल्ल्या. मग चोळीतून पाकीट काढलं. मागणीचं पत्र. आमच्यात ते मुलीच्या आत्याकडेच जातं, आणि ही आत्या गेले चार दिवस ते अंगावर बाळगून गावभर हिंडत होती.

"वाचू?" म्हणाली.

"नाही, वास घेते," मी म्हटलं.

लुबोवाचं होतं. पेरुसीसाठी.

पेन थांबलं. का थांबलं? मी थांब म्हटलं का?

१७ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये काय सांगितलं ते देवाला माहीत, मी ऐकलं नाही.

माणूस चांगला. चाळिशीचा. बायको जाऊन पाच वर्षं झाली. दारू नाही, फक्त रेडिओवरच्या फुटबॉलला शिव्या देतो. पेरुसी छत्तीसची. तो कंपालाचा नवरा तिला टाकून गेला तेव्हा ती एक मशीन आणि एक बॅग घेऊन परत आली. बॅग अजून उघडलेली नाही. मी विचारते का? नाही विचारत. पण माझ्या खाटेखालीच आहे ती. रोज झाडताना केरसुणी लागते.

लिही तू. तुझ्याबद्दल असलं तरी लिही. मला अक्षरं आली असती तर तुझ्या डोळ्यांसमोर कशाला सांगितलं असतं?

तिचा बाप हयात नाही, म्हणून काकाला विचारलं. त्याचा निरोप आला — वहिनी म्हणतील तसं. म्हणजे शब्द माझा. आणि इथेच सगळं अडलंय.

जावयाने सासूला शिवायचं नाही. सासूने जावयासमोर बसायचं नाही, त्याला हाताने वाढायचं नाही, समोरून आला तर वाट सोडायची. एका आसनावर बसणं तर दूरच — आणि मोटारसायकलला आसन एकच! आता कळलं तो घड मधे कशाला. बिचाऱ्याने पत्र द्यायच्या आधीच मला सासू केलं.

पण गाडीचं सोडा. माझी चूल आणि त्याचा स्टँड — मधे आठ पावलं. दिवसभर तो माझ्यासमोर, मी त्याच्यासमोर. जावई झाला की त्याला इथून उठावं लागेल. आणि तो उठला की बाकीचे अठरा उठतील. पंपवाला तर पत्रा ठोकून वाटच बघतोय. फेदेरेसी जाता जाता सांगून गेली, "पंपाला पहिल्या दिवसापासून नाही म्हणत होता तो कुणासाठी, वाटलं तुम्हाला? तुमच्या आतड्यांसाठी?"

मला तसंच वाटत होतं.

२० फेब्रुवारी, बुधवार

वळणाला कळलं. सगळ्या वळणाला! चुलीवर पातेलं ठेवायच्या आत बुकेन्या हजर. हा तोच, बोडांनी दुकान खाल्लं म्हणणारा.

"युनियाबाई, नाही म्हणा. स्टँड गेला तर इथे काय राहील? तुम्ही, मी आणि कुत्री."

"तुला तर ते नकोच होते ना?"

"ते चिडून बोललो हो! माझा सोडा कोण पितं? तेच. उधार मागतात, पण पितात."

गिटा आला. नुसता हवेचा पंप घेऊन बसून राहिला, कुणाच्याच टायरात हवा भरेना. त्याला पाच मुलं. तिठ्यावर पंपवाला स्वतःचं पंक्चरचं मशीन लावणार आहे म्हणे. चपातीवाला आला आणि म्हणाला, "लुबोवाने एकट्याने जावं की तिकडे!" त्यावर गिटाच बोलला — मागच्या वर्षी लुबोवाचा पाय मोडला होता तेव्हा आठव. दोन महिने गिऱ्हाईक घ्यायची रांग नव्हती. एका गिऱ्हाइकाचे दोन हात दोघांनी ओढले. बाई किंचाळली, स्टँडचं नाव खराब झालं, निम्मे लोक पायी जायला लागले. लुबोवा रांग धरतो म्हणून स्टँड आहे.

मग बुकेन्याने तोडगा काढला. "मधे ताडपत्री बांधू. तुम्ही अलीकडे, जावई पलीकडे."

"आणि मी दिवसभर ताडपत्रीला वाढू? तिला विचार, आतड्या जास्त हव्यात का."

सगळे हसले.

पेरुसी समोर बसून कव्हर शिवत होती. मान वर नाही. सरळ शिवण, एकही टाका वाकडा नाही. तिला दुःख झालं की तिची शिवण सुंदर येते. कंपालाहून आली त्या वर्षी तिने या भागातली सगळ्यात देखणी कव्हरं शिवली.

२३ फेब्रुवारी, शनिवार

अजून मी उत्तर दिलेलं नाही. म्हणजे अजून तो जावई नाही, बोडावालाच. म्हणून अजून मागे बसते. घड मधे असतो.

आज चढणीवर गाडी हळू झाली तेव्हा तो पुढे बघतच म्हणाला, "जाज्जा, तुम्ही नाही म्हणालात तरी मी रोज पहाटे येईन. आणि स्टँड हलवणार नाही. गिटाची पोरं मला दिसतात."

मी म्हटलं, "खड्डा बघ."

खड्डा नव्हता तिथे.

यातलं एकही वाक्य बदलू नकोस, पेरुसी. मला वाचता येत नाही, पण तू लिहिताना ओठ हलवतेस. ते वाचते मी.

२५ फेब्रुवारी

पंपवाला पुन्हा आला. या वेळी टोप्या. मला एक दिली. रविवारी, १० मार्चला बोडावाले ठरवणार, जायचं की राहायचं. टोपी मी पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. बेतल्यासारखी बसते.

१ मार्च, शुक्रवार

आज स्टँडवर पोरांनी मला घेरलं. तो काटकुळा, सगळ्यात धाकटा बोडावाला म्हणतो, "जाज्जा, तू पंपावर चल ना आमच्याबरोबर! तिथे चूल मांडू."

"आणि लुबोवा?"

"तो... तो मग..." आणि बोटं मोजत बसला. गाढव! म्हातारी जिथे जाईल तिथून जावई उठणार, एवढं कळायला त्याला दहा बोटं पुरली नाहीत.

पण बरं वाटलं. तेवीस वर्षं मी यांना शिव्या देऊन वाढलंय. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची गाडी जप्त झाली, कुणाचं पोर पास झालं, सगळं आधी माझ्या पातेल्यात पडतं, मग गावात जातं. दुपारी पातेलं रिकामं झालं तरी मी उठत नाही. बसते. कुणाच्या हेल्मेटला वास येतो ते सांगते. माझं घर तीस पावलांवर आहे, तरी घरी गेल्यावर मला करमत नाही.

हे कशाला सांगितलं मी? खोड. राहू दे, नको खोडू.

२ मार्च, शनिवार

आज विचारलं तिला. सरळ. ती वही घेऊन बसली होती, मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "पेरुसी, तुला हवाय का तो? बुकेन्याचं सोड, गिटाचं सोड, माझं तर सोडच. तुला?"

ती म्हणाली, "सांग पुढे, लिहिते."

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

मग तिने मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

हवाय.

"काय लिहिलंस?"

"काही नाही. पूर्णविराम दिला."

पूर्णविरामाला एवढा वेळ लागतो होय?

४ मार्च, सोमवार

आज सकाळी लवकरच मी वही पोटाशी धरून फेदेरेसीकडे गेले. त्या काटकुळ्याच्या गाडीवरून. त्याला खड्डे माहीत नाहीत, कंबर गेली. हो, तुझ्या नकळत गेले, लिही तसंच, लाजतेस काय!

नणंदबाईंना चष्मा सापडेना. डोक्यावर होता. मग त्यांनी शनिवारचं पान काढलं आणि वाचायला लागल्या, माझ्या आवाजाची नक्कल करून. माझा आवाज एवढा किरटा नाही. शेंगांपाशी आल्या, आणि मग थांबल्या.

"वाच की."

"एकच शब्द आहे, वहिनी."

वाचला.

ही बाई गेली चाळीस वर्षं एका मिनिटाच्या वर गप्प बसलेली नाही. आज बसली. मग चहा केला, साखर जास्त टाकली, आणि म्हणाली, "मग वळणाचं काय?"

मी म्हटलं, बघते.

ए. वही ओली करू नकोस. फुकटची असली तरी.

५ मार्च

बुकेन्या, गिटा, चपातीवाला, तिघांनी तीनदा विचारलं. रविवारी सांगते म्हटलं. लुबोवाने काहीच विचारलं नाही. त्याला आज दोन पळ्या जास्त वाढल्या. माझ्या हाताने, सगळ्यांसमोर. तो प्लेटकडे बघत राहिला. त्याला काय वाटलं कोण जाणे — बहुतेक हेच वाटलं की म्हातारीने नाही म्हणायचं ठरवलंय. सगळ्या वळणाला तेच वाटलं. बुकेन्याच्या मिशा दिवसभर वर होत्या. पेरुसी जेवली नाही.

८ मार्च, शुक्रवार

रविवारपर्यंत धीर नाही मला.

पहाटे पळी पेरुसीच्या हातात दिली. म्हटलं, जा, चूल पेटव, आजपासून तिथे तू बस. बायकोने नवऱ्यासमोर दिवसभर बसायला कुणाची ना नाही. स्टँड आहे तिथे राहील. तिथे बसायचं नाही ते फक्त मी.

मग लुबोवाची गाडी आली. "चला, जाज्जा," म्हणाला. मी डोक्यावर कापड ओढलं, केळीत शिरले आणि त्याच्याकडे पाठ केली.

त्याने गाडी बंद केली. कितीतरी वेळ नुसतं इंजिन टिकटिकत गार होत होतं. मग रस्त्यावरूनच, पुढे न येता, म्हणाला, "बऱ्या आहात ना, सासूबाई?"

बरी आहे, मी म्हटलं. समोरच्या केळीला.